पाचवा टोला

बंबखान्यात त्याला सगळे भागूबाई म्हणत. चांगला पाच हात उंच माणूस, मिशा अशा की बघणाऱ्याने दचकावं, पण नाव पडलं ते पडलं, आणि उगाच पडलं नव्हतं. कुत्रं भुंकलं की तो रस्ता बदलायचा. भिंतीवर पाल दिसली की स्वयंपाकघरातून बायकोला बोलवायचा. ती झाडू घेऊन यायची आणि म्हणायची, "अहो, ती तुम्हाला खाणार नाही, तिला चव कळते." पण ह्या सगळ्या किरकोळ गोष्टी. त्याची खरी भीती एकच होती आणि ती भिंतीला भिंत लावून शेजारी राहत होती. शेजारच्या काकूंनी एखाद्या दिवशी विचारलं, "भाऊ, त्या दुपारी टोले किती मारलेत हो?" तर त्यांना काय सांगायचं? ह्या एका प्रश्नाच्या धाकात त्या माणसाने एकोणीस वर्षं काढली.

आता ही टोल्यांची भानगड काय, ते आधी सांगायला हवं.

त्या काळी टेलिफोन नव्हता. शहरात आग लागली तर कळायचं कसं? तर बंबखान्याच्या आवारात एक मनोरा होता, एकशे ऐंशी पायऱ्यांचा. वर चार खिडक्यांची खोली, बाहेर सभोवती अरुंद सज्जा, आणि डोक्यावर घंटा. शहराचे नऊ वॉर्ड. मनोऱ्यावरच्या माणसाने धूर हेरायचा आणि ज्या वॉर्डात आग, तितके टोले द्यायचे. खाली फाटकवाल्याने आपल्या छोट्या घंटेवर तितकेच टोले उलट द्यायचे, म्हणजे ऐकलं ते बरोबर ऐकलं याची खात्री. चूक झाली तर वरून घंटा न थांबता बडवायची. त्याला म्हणत 'मोड'. मोड झाली की मागचं सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून. टोले नीट पोचले की वरच्याने सज्ज्यात जाऊन आगीच्या दिशेला लाल निशाण धरायचं. बंबाच्या मागच्या फळीवर उभा असलेला माणूस पहिल्या वळणावर मान वर करून ते निशाण बघे आणि मग घोडे पुढे निघत.

भागूबाई मनोऱ्यावर पोचला तो त्याच्या भित्रेपणामुळेच. नोकरीला लागला होता पाण्याच्या नळीवर. पहिल्याच आगीत त्याचे पाय जमिनीला असे चिकटले की दोघांनी उचलून बाजूला ठेवला. साहेब म्हणाले, "अरे, तू आग विझवायला आलास की शेकायला?" हाकलणारच होते, पण दारात त्याची नवी नवरी डबा घेऊन उभी दिसली आणि त्यांना दया आली. म्हणाले, "जा, वर जाऊन बस. तिथे आग तुझ्यापासून लांब राहील."

साहेबांना काय ठाऊक, की उंचीवरून खाली बघितलं तर ह्याला भोवळ येते! आगीतून उठला आणि फुफाट्यात पडला. पण बोलतो कुठल्या तोंडाने? भिंतीकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपत तो वर गेला. खोलीच्या मधोमध जो खांब होता त्याला पाठ लावून बसला आणि पुढची अकरा वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तिथेच बसला. सज्ज्याच्या दाराचा अडसर त्याने कधी काढलाच नाही. निशाण? ते पहिल्या आठवड्यात गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं ते उभंच. रात्रीच्या बदलीवाल्याचा तर त्याच्याशी संबंधच नव्हता, अंधारात निशाण दिसणार कुणाला? टोले कधी चुकत नसत, त्यामुळे निशाणावाचून कुणाचं अडलं नाही. दोन-चार वर्षांत बंबावरच्या माणसानेही मान वर करायचं सोडून दिलं.

टोले मात्र खरंच कधी चुकले नाहीत हो. भित्रा माणूस दहादा मोजतो. सुरुवातीला त्याला जिथेतिथे आग दिसायची. धोबीघाटाच्या वाफेवर त्याने तीनदा बंब धाडला, तेव्हा घोडेसुद्धा त्याच्याकडे रागाने बघायला लागले, असं फाटकवाला सांगे. मग त्याने धुरांची वही केली. बेकरीचा धूर दहाला जाड, बारानंतर विरळ. वीटभट्टीचा पिवळट. शाळेमागे शुक्रवारी कचरा जाळतात. ती वही बांधून दिली होती शेजारच्या बाइंडरकाकांनी, लाल कापडी पुठ्ठ्यात. काका कानांनी अधू. पुठ्ठे चिकटवायचा सरस खाली शेगडीवर वितळत ठेवून माळ्यावर बसून पुस्तकं शिवायचे. काकूंना हाक मारायची झाली तर त्या खालून शिडीवर काठी आपटायच्या, तिचा हादरा बसला की काका खाली उतरायचे. वही देताना काका हसत म्हणाले होते, "आमचा पण धूर लिहा बरं का त्यात." म्हणून लिहिलं होतं: वॉर्ड चार, आमची गल्ली, काकांची सरसाची शेगडी, दुपारी दोन ते चार, बारीक निळा. काळजी नको.

त्या दुपारी दोन वाजून गेले होते. बारीक निळा धूर वर आला. भागूबाईने बघितला आणि नेहमीसारखी नजर पुढे नेली. धोबीघाट, भट्टी, गोदी, पूल. नजर फिरून परत आली तेव्हा धूर काळा झाला होता आणि खांबाएवढा जाड.

आमची गल्ली. आत बायको, आणि पाळण्यात सहा महिन्यांची मुलगी. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. ह्या वेळेला दोघी मागच्या खोलीत दार लोटून झोपतात. काकांचा माळा आणि त्या खोलीचं छप्पर एकच. तिला धूर दिसणार नाही, वास येईपर्यंत उशीर होईल.

त्याने दोर धरला. एक. दोन. तीन. चार. हात सोडायला हवा होता, पण बोटं दोरावर अशी आवळली होती की सुटेनात. अंगाला कापरं भरलं, आणि त्या कापऱ्यात घंटा आणखी एकदा वाजली.

खालून फाटकवाल्याने उत्तर दिलं. पाच.

भागूबाई उभाच राहिला. पाच? मी तर चार दिले. हा चुकला की मी चुकलो? हा कधी चुकत नाही. मीही कधी चुकत नाही. अरे देवा, किती दिले मी? धड आठवेना. तेवढ्यात फाटक उघडल्याचा आवाज झाला, घोड्यांचे नाल दगडावर खडखडले. चौथ्या वॉर्डाला उजवीकडे वळायचं, पाचव्याला डावीकडे पुलावरून. त्याने खिडकीकडे एक पाऊल टाकलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. बंब डावीकडे वळला होता.

मग त्याने घंटा बडवली. दोराला लोंबकळून, वेड्यासारखी बडवली. मोड, मोड, मोड! बंब पुलावर जाऊन थांबला. पण थांबून काय? इतक्या वर्षांत मोड कुणी ऐकलीच नव्हती. आग विझली की आणखी भडकली, त्यांना कळेना. त्याने पुन्हा चार दिले, एकेक मोजून, मोठ्याने ओरडत. पुलावरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

निशाण! कोपऱ्यातलं निशाण त्याने ओढलं. कसरीने त्याची चाळण झाली होती. अडसर गंजला होता, लाथा घालून घालून तो निघाला आणि दार बाहेर उघडलं. पुढे दोन हात रुंद सज्जा, गुडघ्याएवढा कठडा, आणि त्याच्यापलीकडे काहीच नाही. डोळे मिटून तो रांगत बाहेर गेला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि कुणी वर बघेना तेव्हा, खोटं वाटेल पण फाटकवाल्याने स्वतः पाहिलंय, तो कठड्यावर चढला. एका हाताने भिंतीचा गज धरलेला, दुसऱ्या हातात ते फाटकं निशाण, चौथ्या वॉर्डाकडे धरलेलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला.

पुलावर कुणीतरी मान वर केली. "अरे, भागूबाई कठड्यावर!" एवढं पुरे झालं. ज्या माणसाला पाल चालत नाही तो कठड्यावर चढलाय म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. घोडे वळले.

पण सात मिनिटं गेली होती.

आणि आता ऐका, मनोऱ्यावरचा नियम असा की बदली येईपर्यंत खाली उतरायचं नाही. एक आग लागली म्हणून दुसरी लागायची थांबते का? सहा वाजेपर्यंत तो वरच. काळा धूर बघत बसला. धूर पांढरा झाला, म्हणजे पाणी पडलं. पण पाणी पडलं ते कशावर? आपलं छप्पर त्याला ओळखू येईना. बायकोला मनातल्या मनात शिव्या देत होता, झोपतेस कशाला दुपारची म्हणून, आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. एवढा वेळ कुणीच वर का येत नाही? चांगली बातमी असती तर कुणी ओरडलं नसतं का खालून?

पाचच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. जड पावलं, मधे मधे थांबणारी. साहेब! साहेब आयुष्यात कधी वर चढले नव्हते. ते स्वतः येतायत म्हणजे संपलंच सगळं. तो खांबाला टेकून खाली बसला. साहेब दारात धापा टाकत उभे राहिले.

"बायको-मुलगी सुखरूप आहेत," ते म्हणाले. "आवारात बसल्यात."

भागूबाई हमसून हमसून रडला. साहेबांनी त्याला रडू दिलं.

"छप्पर तुझ्या पाळण्यावरच कोसळलंय. आम्ही नीट वेळेवर निघालो असतो तरी त्याच्या आत पोचलो नसतो. त्या आधीच बाहेर पडल्या म्हणून वाचल्या." साहेबांनी टोपी काढली. "बाइंडर गेला. माळ्याच्या खिडकीत उभा होता म्हणे बराच वेळ. सात मिनिटं आधी आलो असतो तर शिडी लागली असती."

मग ते म्हणाले, "नोंदवहीत मी चार लिहितोय. मनोऱ्यावरचा माणूस चुकतो असं शहराला कळलं तर उद्यापासून घंटेवर भरवसा कोण ठेवील? तू पण चारच सांगायचं. फाटकवाल्याला आणि बंबावरच्यांना मी बजावलंय."

मान हलवली त्याने. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही साहेब, पाच लिहा. पण हा भागूबाई.

त्या दिवसाचं सगळं अजून संपलं नव्हतं. खाली आवारात बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला बघून त्याने विचारलं, "तू बाहेर कशी आलीस गं? धूर दिसला?"

"धूर कुठला! मी अर्धवट झोपेत होते. तुमचे टोले ऐकले. अहो, अकरा वर्षं ऐकतेय, तुमच्या पावलासारखे ओळखते मी ते. चार झाले, आणि मग मागून एक लंगडा आला. म्हटलं, हा माणूस चुकत नाही. चुकला म्हणजे घाबरलाय, आणि इतका घाबरलाय म्हणजे आमच्यासाठीच. पोरीला उचललं आणि अनवाणी पळत सुटले. काकांना रस्त्यावरून केवढ्या हाका मारल्या! माझा घसा फुटला हो, पण त्यांना कुठलं ऐकू येतंय. काठी आपटायला आत शिरवेना."

ज्या टोल्याने काका गेले त्याच टोल्याने ह्या दोघी भागूबाईसमोर बसल्या होत्या. त्या टोल्याला शिव्या द्याव्यात की हात जोडावेत, हे त्याला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. "हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. बायकोने सांगितलं नाही.

घरं पुन्हा बांधली, भिंतीला भिंत लावून. काकूंनी नवऱ्याचा धंदा हातात घेतला. दाभण, सुई, सरस, सगळं शिकल्या. ह्यांची मुलगी तर त्यांच्याच घरात मोठी झाली म्हणा. घडी घालायला, शिवायला काकूंच्या हाताखाली तयार झाली. आणि भागूबाई रोज घरी येताना काकूंच्या दारावरून मान खाली घालून जायचा. त्या "आलात का भाऊ?" म्हणाल्या तरी तो पाऊल झपझप उचलायचा. वाटायचं, आता विचारणार. मनोऱ्यावर मात्र त्या दिवसानंतर प्रत्येक आगीला तो सज्ज्यात गेला आणि निशाण धरलं, दुसऱ्या हाताने भिंतीचा गज पकडून. बंबावरचा माणूसही मान वर करायला लागला. एकोणीस वर्षांत एक टोला चुकला नाही.

मग टेलिफोन आले, घोडे जाऊन मोटारी आल्या. मनोऱ्याला कुलूप लागलं आणि भागूबाई घरी बसला. त्याच वर्षी बंबखान्याला पन्नास वर्षं झाली. नव्या साहेबांनी जुन्या नोंदवह्या काढून खात्याचा इतिहास छापायचं ठरवलं. दोनशे प्रती. आणि बांधायला दिल्या कुणाला? काकूंना! आमच्याच खात्याने विझवलेल्या आगीत हिचा नवरा गेला, तेवढीच मदत, असं नव्या साहेबांना वाटलं असणार. चांगल्या मनाची माणसं कधी कधी काय करून बसतात, बघा.

एका सकाळी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात न शिवलेला फर्मा होता, छापील पानांची नुसती घडी. चेहरा उतरलेला, रात्रभर झोपल्या नसाव्यात. भागूबाईने चहाचा कप तोंडापासून खाली घेतला.

"भाऊ, तुम्हाला एक सांगायचंय," काकू म्हणाल्या. "एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगायची तर भीतीच वाटायची."

"मला?"

"त्या दुपारी मी दोऱ्याच्या दुकानात होते. घंटा झाली, मी मोजली. पाच. म्हटलं, पाच म्हणजे पुलापलीकडे, आपलं काही नाही. शेजारी लोहाराचा ठणठणाट, पुढचं काही ऐकू आलं नाही. अर्धा तास बसले हो मी दुकानदारणीशी गप्पा मारत. पळत आले असते तर काठी आपटली असती, ते उतरले असते." त्यांनी फर्मा पुढे धरला. पानावर बोट ठेवलं. "मनाला समजावत होते की मी बरोबरच मोजलं असेल, घंटाच चुकली असेल. पण इथे छापलंय. 'चार टोले होताच बंब निघाला.' तुमचा हात तर कधी चुकत नाही, सगळं गाव सांगतं. म्हणजे मीच चुकले. गप्पांच्या नादात टोले चुकले आणि माणूस घालवून बसले."

बायको चुलीपाशी उभी होती, तिने नवऱ्याकडे बघितलं. मुलगी दारात येऊन थांबली होती, हाताला सरस लागलेला.

भागूबाईला कठडा आठवला. पुढे काहीच नाही, तसंच आता वाटत होतं. गप्प बसलं तर काकू घरी जातील, पुस्तक शिवतील, आणि मरेपर्यंत स्वतःला खात राहतील. प्रश्न तर त्यांनी विचारलाच नव्हता.

"पाच," तो म्हणाला. हाताची पाच बोटं वर केली. "तुम्ही बरोबर मोजलेत काकू. मी पाच दिले. चुकून दिले, भीतीने. बंब पुलावर गेला, सात मिनिटं गेली. साहेबांनी चार लिहिलं आणि मी गप्प बसलो."

मग त्याने उरलेलंही सांगितलं. निशाण गुंडाळून ठेवल्याचं. बायकोने लंगडा टोला ओळखला, ती पोरीला घेऊन पळाली, ते. एकदा तोंड उघडलं तसं सगळं सांडलं.

काकू मधेच खुर्चीवर बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी त्या मुलीकडे बघितलं.

"म्हणजे तो टोला नसता तर ही नसती."

"नसती."

"आणि तो नसता तर हे असते."

भागूबाईने मान हलवली.

"मेल्या!" काकू एकदम ओरडल्या. आयुष्यात त्या कुणाला अरेतुरे बोलल्या नव्हत्या. "एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं रोज रात्री मोजतेय रे मी ते टोले! भिंतीपलीकडे बसून तुला एक शब्द बोलवला नाही?"

त्या उठल्या आणि निघून गेल्या. दार आपटल्याचा आवाज झाला. बायकोने नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला.

पाच मिनिटांनी काकू परत आल्या. कडेवर फर्म्यांचा गठ्ठा, मागे मुलगी, तिच्या हातात आणखी दोन. त्यांनी गठ्ठा धप्पकन त्याच्यापुढे टाकला, शाईची दौत आणि टाक शेजारी ठेवला.

"दोनशे आहेत. चार खोडायचं, वर पाच लिहायचं. तुमच्या हाताने. एकही सुटली तर मी बांधणार नाही, तुमच्या साहेबांना सांगा."

"काकू, हात थरथरतोय माझा."

"थरथरू दे. आकडा नीट आला पाहिजे."

त्याने टाक बुडवला. पहिल्या प्रतीवर डाग पडला, दुसरीवर आकडा वाकडा आला. काकू समोर खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक पान त्याच्या हातातून घेऊन, शाई फुंकून, मोठ्याने मोजायला लागल्या.